पत्रास कारण की, गॅस पुन्हा संपला

श्रीमान सूक्ष्म छिद्र यांस,
मु. पो. तांब्याची कॉइल, इनडोअर युनिट, बेडरूमची पूर्वेकडची भिंत, ठाणे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदाही होळी पेटली आणि आमच्या एसीतला गॅस संपला. दरवर्षी नेमका याच सुमारास संपतो. आपली ही शिस्त वाखाणण्याजोगी आहे आणि ती चारचौघांत वाखाणावी, म्हणून हे पत्र खुले.

आपल्याला आजवर कोणी पाहिले नव्हते. आकार म्हणाल तर सुईच्या टोकाहून लहान. पण आपल्या जिवावर किती चुली पेटतात याचा हिशेब मांडला, तर एखादा उद्योगभूषण पुरस्कार आपल्यालाच द्यावा लागेल. मेकॅनिक येतो, आउटडोअरच्या नळीला गेज लावतो, मान हलवतो आणि म्हणतो, "काका, गॅस उडालाय." मग सिलिंडर जोडतो, जाड नळीला हात लावून ती गार झाली का ते बघतो आणि पैसे घेऊन जातो. जाताना म्हणतो, "आता टेन्शन नाही." टेन्शन पुढच्या होळीपर्यंत नसते, एवढे खरे.

एसीतला गॅस वापराने संपत नाही हो. तो बंद नळ्यांतून नुसता फिरतो. आत खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो. नळ्या शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. तेव्हा ‘गॅस कमी आहे’ याचा अर्थ ‘श्रीमान घरात आहेत’. हे मेकॅनिकला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पंक्चरवाला पोरगासुद्धा आधी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, मग हवा भरतो. इथे मात्र हवा भरणे हाच धंदा, आणि आपण त्यातले बिनपगारी भागीदार.

आउटडोअर युनिटवर एक पट्टी असते. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे तिच्यावर छापलेले असते. ग्रॅममध्ये! म्हणजे काटा लावून भरायचा. तो काटा मी कोणत्याही पिशवीतून बाहेर येताना पाहिला नाही.

आपला जन्म कसा झाला याचाही शोध घेतला. इमारतीमागून नाला जातो. त्याच्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांब्याला खातो. ‘शंभर टक्के तांब्याची कॉइल’ या जाहिरातीवर भाळून आम्ही हा एसी घेतला होता. नाल्यालाही ती जाहिरात आवडली असावी.

आपण करता ते काम मात्र फार कलात्मक. गॅस कमी झाला की कॉइल नको तेवढी गार पडते आणि तिच्यावर बर्फ धरतो. एसी बंद केला की तो वितळून गादीवर ठिबकतो. मग घरात ठरते की ड्रेन पाइप तुंबला. तो साफ करणारा वेगळा, त्याचे पैसे वेगळे. तिकडे कॉम्प्रेसरची तऱ्हा निराळी. परतून येणाऱ्या गार गॅसनेच तो थंड राहत असतो. तो गॅसच अपुरा आला की तापतो, न थांबता चालतो आणि महिनाअखेर वीजबिल आपली कामगिरी सांगते.

आपले थोरले बंधू अंटार्क्टिकावरच्या ओझोन थरात असतात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यांची खबर जगाला दिली आणि त्यांना आवरायला १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला. आमचा एसी जुना, आर-२२ वाला. हा गॅस ओझोनला खातोच, शिवाय वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ अठराशे पट भारी. किलोभर निसटला तर पावणेदोन टनांच्या आसपास हिशेब. तो गेला कुठे, हे एकाही मेकॅनिकने सांगितले नाही. आम्ही विचारले तर "हवेत" म्हणाले. उत्तर अचूक होते.

पण यंदा एक वेगळाच गृहस्थ आला. त्याने सिलिंडर गाडीतच ठेवला आणि आधी टॉर्च मागितला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरते, त्यामुळे आपण जिथे राहता तिथे तेलकट डाग राहतो. चोराने दारावर पाटी लावावी तसा! कॉइलच्या वळणावर तो डाग होता. त्याने आत कोरडा नायट्रोजन दाबाने भरला, साबणाचा फेस लावला, आणि आपण एक एक करून टपोरे बुडबुडे काढलेत. घरातली सगळी मंडळी दर्शनाला जमली होती.

त्याचे म्हणणे, झाळून देतो, पण सडलेल्या कॉइलवर उद्या शेजारी दुसरे उघडेल. बदली कॉइल आता मिळत नाही. आर-२२ ची नवी यंत्रे बनवायला आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे आणि नवा आर-३२ गॅस या जुन्या यंत्रात ओतता येत नाही. दाब वेगळा, तेल वेगळे, वर थोडा ज्वलनशीलही. तेव्हा नवा एसी घेतोय. बसवताना नळ्यांतली हवा गॅसने फुसकन उडवायची नाही, पंप लावून व्हॅक्यूम मारायचा, ही अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतली आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

रविवारी आपले बिऱ्हाड उतरवले जाईल. लोभ आटावा, ही विनंती.

आपला,
एक थंड न झालेला ग्राहक

ता. क. जुना एसी न्यायला भंगारवाला येऊन गेला. तांब्याला भाव चांगला आहे म्हणाला. आत उरलेल्या गॅसचे काय करणार, असे विचारले तर हसला. "पाइप कापला की जातो आपोआप." आपण ज्या कामाला अख्खे वर्ष लावता, ते तो एका कटरने करतो. त्याला नकार दिला आहे आणि गॅस रीतसर काढून घेणाऱ्याच्या शोधात आहे. तोवर आउटडोअर गॅलरीत, झडपा बंद करून.