संगणकाकडून पत्ते पिसून घेण्याची रीत

पत्त्यांचा कॅट म्हणजे ५२ पाने आणि अ‍ॅरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने मांडलेले खण. या दोहोंची सांगड घालणे हा प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांचा आवडता स्वाध्याय आहे, कारण त्यात लूप येतो, अदलाबदल येते, रँडम आकडा येतो आणि विद्यार्थी झोपत नाही. हा स्वाध्याय सोपा समजला जातो. सोडवायला तो सोपा आहेच. बरोबर सोडवायला तेवढा नाही.

पुढील विवेचनात दोन व्यक्ती वारंवार येतात. पहिली व्यक्ती विद्यार्थी. दुसरी, त्याने केलेल्या प्रोग्रॅमवर मेंढीकोट खेळायला बसणारी अनुभवी व्यक्ती. तिला सोयीसाठी 'काका' म्हटले आहे. काका प्रत्येक घरात असतात. नसल्यास आत्या चालतात.

प्रथम पानांची मांडणी. उत्साही विद्यार्थी 'इस्पीक एक्का', 'इस्पीक दुर्री' अशी ५२ नावे स्वतः टाइप करतो. बदामापर्यंत उत्साह टिकतो, चौकटमध्ये जांभया सुरू होतात आणि किलवरमध्ये छक्की दोनदा येऊन सत्ती गळते. पुढे तीन आठवडे कोणाच्याच हातात किलवर सत्ती पडत नाही आणि ते फक्त काकांच्या लक्षात येते. म्हणून नावे लिहू नयेत, आकडे लिहावेत. शून्य ते ५१ हे आकडे हीच पाने. आकड्याला १३ने भागावे: भागाकार रंग सांगतो, बाकी पान सांगते. इस्पीक, बदाम, चौकट, किलवर यांना अनुक्रमे ०, १, २, ३ दिले आणि एक्क्यापासून राजापर्यंत ० ते १२, तर ३७ म्हणजे भागाकार दोन, बाकी अकरा, अर्थात चौकट राणी. शाळेत भागाकार शिकताना 'बाकीचा उपयोग काय' असे विचारणाऱ्याला हे उत्तर तेव्हाच मिळायला हवे होते.

मोजणी शून्यापासून होते. पहिले पान शून्याव्या खणात, शेवटचे ५१व्या. बावन्नावा खण मागितला तर जावासारखी शिस्तीची भाषा तिथेच प्रोग्रॅम थांबवते. सी मात्र बहुधा काही बोलत नाही. शेजारच्या बिऱ्हाडात हात घालून जे सापडेल ते पत्ता म्हणून आणून देते. हे विद्यार्थ्याला दरवर्षी सांगावे लागते. दरवर्षी तो मान डोलावतो, आणि दरवर्षी लूप ५२पर्यंतच जातो.

एक्क्याची किंमत खेळ बघून ठरवावी. वरच्या मांडणीत एक्का शून्य आहे, म्हणजे दुर्रीहूनही खाली. बदाम सातमध्ये ते बरोबर आहे, कारण तिथे सत्तीपासून खाली उतरत शेवटी एक्का लागतो. मेंढीकोटात ही मांडणी ठेवली तर इस्पीक एक्क्याला तिर्री मारते आणि काका उठून जातात. तिथे दुर्रीला शून्य आणि एक्क्याला बारा द्यावे.

जोकर काढून ठेवावेत. घरच्या कॅटात ही सोय बहुधा नसते, कारण तिथला जोकर हरवलेल्या पानाच्या जागी कामाला लागलेला असतो आणि त्याच्या पोटावर बॉलपेनने 'चौकट तिर्री' लिहिलेले असते. अ‍ॅरेतले पान हरवत नाही, त्याच्यावर चहा सांडत नाही, कोपरा दुमडत नाही. इथेच काकांचे पहिले नुकसान होते. इस्पीक एक्का कोणाकडे आहे हे त्यांना गेली कित्येक वर्षे पाठीवरच्या घडीवरून कळत आले आहे.

५२ आणि १३ हे आकडे प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी पेरू नयेत. वरच एकदा नाव देऊन लिहावेत आणि पुढे ते नाव वापरावे. पाच-तीन-दोनला ३० पाने लागतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने, म्हणजे १२०. शिवाय पाने गोल. गोल असण्याने अ‍ॅरेला फरक पडत नाही. चार आणि तेराच्या जागी दहा आणि बारा घातले की काम भागते, मात्र हे आकडे एकाच ठिकाणी असले तरच.

आता पिसणे. यासाठी आधी दोन पानांची अदलाबदल यावी लागते. 'अ' मध्ये 'ब' घातला आणि मग 'ब' मध्ये 'अ' घातला, तर दोन्हीकडे 'ब'च उरतो आणि 'अ' जगातून नाहीसा होतो. एक पान तात्पुरत्या तिसऱ्या जागी ठेवावे लागते. हे विसरून लिहिलेला प्रोग्रॅम थोडा वेळ चालू दिला तर एकाच डावात तीन किलवर राजे निघतात.

पिसण्याच्या चुकीच्या रीती पुष्कळ आहेत. त्यांतली निरुपद्रवी अशी: रँडम आकडा काढावा, ते पान आधी आले असेल तर सोडून द्यावे, नसेल तर घ्यावे. उत्तर बरोबर येते, पण शेवटची पाने सापडता सापडत नाहीत. ५२ पाने मिळवायला सरासरी २३६ वेळा आकडा काढावा लागतो. संगणकाला याची खंत नसते.

उपद्रवी रीत दिसायला फार सुंदर आहे. पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत जावे आणि प्रत्येक पानाची ५२ पैकी कोणत्याही पानाशी अदलाबदल करावी. चार ओळींचा प्रोग्रॅम होतो, पडद्यावर पाने अस्ताव्यस्त दिसतात, आणि विद्यार्थी म्हणतो, 'चालतंय ना!' इथे प्रोग्रॅमिंगमधली एक खरी अडचण आहे. बेरीज चुकली तर दिसते. पिसणे चुकले तर दिसत नाही, कारण चुकीचे पिसलेले पत्तेही पिसलेल्यासारखेच दिसतात. दोष पाहायचा तर तीनच पाने घ्यावीत. या रीतीने तीन वेळा तीन-तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा होतात. तीन पानांचे क्रम मात्र सहाच. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, त्यामुळे तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच वाटा येतात आणि उरलेल्या तिघांच्या वाट्याला चार-चार. हा पक्षपात कोणी मुद्दाम केलेला नसतो.

बरोबर रीत एका शब्दाने वेगळी आहे. शेवटच्या खणापासून सुरुवात करावी. ५१व्या पानाची अदलाबदल ० ते ५१ पैकी कोणाशीही, मग ५०व्याची ० ते ५० पैकी, असे उतरत यावे. जे पान एकदा जागेवर बसले त्याला पुन्हा हात लावू नये. तीन पानांना तीन गुणिले दोन, सहा वाटा, सहा क्रम, हिशेब चुकता. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली याच तत्त्वाची कागद-पेन्सिलीने करायची कृती आपल्या कोष्टकांच्या पुस्तकात दिली. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४मध्ये तिला संगणकाजोगे रूप दिले आणि डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. तरी विद्यार्थी स्वतःची शोधतोच.

'० ते ५१' मध्ये ५१ धरावयाचा आहे. विद्यार्थ्याला एखादे पान जागच्या जागी राहिलेले दिसले की वाईट वाटते आणि तो अदलाबदल '० ते ५०' शी करून टाकतो. यातून कोणतेही पान कधीच मूळ जागी न राहणारी वेगळीच रीत तयार होते. सँड्रा सट्टोलो यांनी ती १९८६ साली मांडली, पण तिची कामे निराळी. प्रामाणिक पिसण्यात सरासरी एक पान आपल्या जागी राहते. त्याला राहू द्यावे.

रँडम तुलना देऊन अ‍ॅरे सॉर्ट करण्याची एक ओळीची युक्तीही वापरू नये. युरोपात २०१० साली वापरकर्त्यांपुढे निरनिराळे ब्राउझर सरमिसळ क्रमाने मांडण्यासाठी ती वापरली गेली आणि क्रम समान वाटले जात नसल्याचे उघड झाले. तिथेही कोणीतरी 'चालतंय ना' म्हणालेच असणार.

तपासणी डोळ्यांनी करू नये. तीन पाने सहा लाख वेळा पिसून प्रत्येक क्रम किती वेळा आला ते मोजावे. सगळे एक लाखाच्या आसपास असावेत. काहीशेंचा फरक क्षम्य. काही क्रम ८८,८८९ च्या आसपास आणि काही १,११,१११ च्या आसपास निघाले तर वरची सुंदर चार ओळींची रीत कुठेतरी शिल्लक आहे.

रँडम आकडेही आपोआप उगवत नाहीत. ते 'सीड' नावाच्या एका आकड्यापासून हिशेबाने निघतात. सीड तोच, तर डाव तोच. सी भाषेत सीड द्यायचे विसरले तर प्रोग्रॅम रोज संध्याकाळी नेमका तोच डाव वाटतो. ही चूक सांगायला काका पहिले असावेत, पण त्या डावात त्यांच्याकडे दोन दश्श्या आणि तीन एक्के असतील तर ते आठवडाभर बोलत नाहीत. सीड ३२ बिटांचे असेल तर सुमारे ४२९ कोटीच डाव संभवतात. ५२ पानांच्या क्रमांची खरी संख्या ६८ अंकी आहे. घरच्या मेंढीकोटाला ४२९ कोटी पुरतात. पैसे लावून खेळणाऱ्यांना पुरत नाहीत. १९९९ साली एका ऑनलाइन पोकरचे पिसणे मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवर बेतलेले असल्याचे काही प्रोग्रॅमरांनी ओळखले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. घड्याळ जुळवून, उघडी पाने पाहून त्यांना बाकीची पाने सांगता येऊ लागली.

एवढे सगळे नीट केले की काकांची तक्रार येते: 'पत्ते नीट पिसलेले नाहीत.' तिचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. घरी पत्ते तळहातावर गठ्ठ्यागठ्ठ्याने पिसतात. दोन भाग करून फर्रकन एकमेकांत मिसळण्याची रीत यापेक्षा कितीतरी चांगली, आणि तशीही सात वेळा पिसावे असे बायर आणि डायकॉनिस यांनी १९९२मध्ये दाखवले. पण त्याने पाने वाकतात आणि कॅट ज्यांचा आहे त्या ओरडतात. त्यामुळे मागच्या डावातले हात तसेच चिकटून राहतात. एका हातात बहुधा एकाच रंगाची पाने असतात, ती एकेक करून वाटली की चौघांना तो रंग सारखा जातो. पाच-चार-चार असे वाटणाऱ्या घरांत उलट होते, गठ्ठा एकाच्याच हाती जातो आणि त्याला नशीब म्हणतात. संगणकाचे पिसणे या दोन्हींसारखे नसते. त्यात प्रत्येकाला साधारण वीस डावांत एकदा कोणत्यातरी रंगाचे एकही पान येत नाही. ब्रिजमध्ये संगणकाने वाटलेले डाव आले तेव्हाही हीच कुरकुर झाली होती. काका खोटे बोलत नाहीत. त्यांनी नीट पिसलेले पत्ते आयुष्यात पाहिलेले नाहीत.

शेवटी वाटणे. नीट पिसलेल्या अ‍ॅरेतली पहिली तेरा पाने सलग एकाला, पुढची तेरा दुसऱ्याला दिली तरी न्यायात काडीचा फरक पडत नाही. तरीही पडद्यावर आधी पाच, मग चार, मग चार पाने सरकताना दाखवावीत, आणि सावकाश दाखवावीत. 'पुन्हा पिसा' हे बटण पाने उघडण्यापूर्वीच दिसावे. काकांनी आपली तेरा पाने पाहिल्यानंतर ते काढून टाकावे, आणि काढले आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ते निदान प्रोग्रॅम बिघडला असे म्हणणार नाहीत.