आधी अभ्यास वाढवा

श्री. अभ्यासवाढवे यांची ओळख करून द्यायला नको. तुमच्याही ग्रुपवर ते आहेतच. शिवीगाळ त्यांच्या रक्तात नाही. ‘आदरणीय’ने सुरुवात, शेवटी हात जोडलेली इमोजी, आणि मधल्या ओळीत समोरच्याची अक्कल काढलेली. एखादी बाई लिहिते की मुठेच्या पात्रात भराव टाकल्याने पुर वाढतो. अभ्यासवाढवे कळवतात, ‘ताई, पूर दीर्घ असतो. आधी अभ्यास वाढवा.’ पूर दीर्घ होतो, भराव जागच्या जागी राहतो. कुणी पात्राच्या रुंदीचे आकडे दिले, तर ‘आपण इंजिनिअर का?’ इंजिनिअर निघाला, तर ‘डोनेशनवाल्या कॉलेजचे?’ सरकारी कॉलेजचा निघाला, तर ‘पुस्तकी ज्ञान वेगळं, अनुभव वेगळा. अभ्यास वाढवा.’

म्हणून ‘कृपया भाषा सभ्य ठेवा’ ही ॲडमिनची विनवणी त्यांना लागूच पडत नाही. त्यांची भाषा सभ्यच असते. ‘तुमचं म्हणणं साफ खुळचट आहे, कारण...’ असं कुणी खेकसलं तरी त्या ‘कारण’च्या पुढे उत्तर देण्याजोगं काहीतरी असतं. मुद्दा सोडून माणसाला धरलं की उत्तर द्यायला उरतो फक्त आपला बायोडेटा. न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतःची बाजू न मांडता नुसती दुसऱ्याची खोडायची, ती वितंडा. अभ्यासवाढवे तिच्यातही बसत नाहीत. वितंडवाद्याला निदान दुसऱ्याची बाजू तरी खोडावी लागते.

यावर कुणी म्हणेल, बोलणाऱ्याकडे बघायचंच नाही का? बघावं की. नदीकाठच्या प्लॉटची शिफारस करणाऱ्याचेच तिथे चार प्लॉट असतील, तर ते विचारायलाच हवं. तो ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणतो आहे. पुराबद्दल बोलणाऱ्या बाईने असा विश्वास मागितलेलाच नाही. दुसरा आक्षेप असा, की पूर्वी तरी कुठे सभ्यता होती? नव्हतीच. १८७३ साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब चोख झाला असेल, पण पुस्तकातले प्रश्न अजून उभेच आहेत. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. टिळक आणि आगरकर ‘केसरी’ आणि ‘सुधारक’मधून एकमेकांवर तुटून पडत. पण १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते; एकमेकांचा अभ्यास पुरेसा वाढलेला होता. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. आज भांडणारे दोघे भेटलेलेच नसतात, आणि उत्तर समोरच्याला कमी, बघणाऱ्या दोनशे जणांना जास्त असतं. गॅलरीकडे तोंड करून बोलणाऱ्याला मुद्द्यापेक्षा टोला सोयीचा पडतो.

इतकं झाल्यावर अभ्यासवाढव्यांना ग्रुपमधून काढावं, असं वाटतं. पण मनाविरुद्ध एक गोष्ट कबूल करावी लागते: बाकीचे लोक लांबलचक मजकुराला न वाचता अंगठा दाखवून पुढे जातात, अभ्यासवाढवे शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतात. ‘पुर’ त्यांना उगाच सापडत नाही. मान खाली घालून बसलेल्यालाच हुशार म्हणायच्या शाळेत ते शिकले. वर्गात प्रश्न विचारला की मास्तर ‘आधी अभ्यास वाढव’ म्हणायचे, आणि तिथून पुढे साहेबही. चाळीस वर्षं ऐकलेलं वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्याला ऐकवायला मिळालं, तर माणूस जरा जास्त वापरणारच. शिवाय त्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट खरोखरच आहे. त्या बाईने एकदा चिडून ग्रंथाचं नाव आणि पान लिहिलं, तर रात्री पावणेदोनला उत्तर आलं, ‘ताई, तो मजकूर पुढच्या पानावर आहे.’ आणि तो होता. ‘अभ्यास वाढवा’ लिहायला मात्र ते त्या रात्री विसरले.