साडेचारच्या बॅचमधली प्रतिभा

महाराष्ट्र सरकारला फेब्रुवारी २०२४ मध्ये लहान मुलांच्या झोपेची काळजी वाटली. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. मुलांची झोप पुरी होत नाही, ती वर्गात पेंगतात, असं त्यामागचं कारण. हेतू इतका उदात्त होता की आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पालकांनी कपाळाला हात लावला. आठच्या कंपनी बसने हिंजवडीला निघणाऱ्यांनी नऊपर्यंत मूल ठेवायचं कुठे? दोन-चार दिवस ग्रुपवर आकांत झाला. मग कुणीतरी शोध लावला की जवळच सकाळी साडेसहाला स्केटिंगची बॅच असते आणि तिथले सर मुलांना परस्पर शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून देतात. आकांत थांबला. सरकारने झोपेसाठी दिलेला वेळ मुलं हल्ली चाकांवर काढतात आणि वर्गात पूर्वीइतकीच पेंगतात.

यावरून एक सिद्धांत मांडायला हरकत नाही. आजच्या मुलाची प्रतिभा त्याच्या आईवडिलांच्या ऑफिसच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांच्यामधल्या फटीत दडलेली असते. फट जितकी मोठी, तितकं मूल अष्टपैलू. ज्यांची आई किंवा बाबा चारला घरी असतात ती बिचारी सामान्य राहून जातात. त्यांना नुसती सायकल येते.

पूर्वी मुलाचा कल बघायची पद्धत होती. राज्य मंडळाने तर २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची रीतसर कलचाचणी सुरू केली होती. आम्ही कोथरूडकर दहावीपर्यंत थांबत नाही. आम्हाला कल दुसरीतच कळतो आणि त्याला तीन प्रश्न पुरतात: बॅच किती वाजता, घरापासून किती लांब, आणि दारात गाडी लावता येते का. बाकीचं सगळं चौकशीच्या फोनवर उलगडत जातं.

"गाण्याचा क्लास आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. सहा ते सात."

"सहाला नाही हो जमणार. साडेचारला काय आहे?"

"साडेचारला तबला."

"मग तबलाच घ्या. तालाचं अंग आहेच त्याला. लहानपणी सारखा ताट वाजवायचा."

"मंगळवार-गुरुवार हं."

"अगंबाई, मंगळवारी अबॅकस आहे. सोमवार-बुधवार नाही का?"

"सोमवार-बुधवार साडेचारला कथक आहे."

इथे क्षणभर शांतता. मग खालच्या पट्टीत प्रश्न येतो, "मुलगे घेता का कथकला?"

"घेतो की. बिरजू महाराज कोण होते मग?"

अशा रीतीने लखनौ घराण्याला कर्वे रस्त्यावर आणखी एक शिष्य मिळतो. रात्री जेवताना वडिलांना बातमी सांगितली जाते, "अरे, त्याला नाचाची आवड आहे, आपल्याला कळलंच नाही इतके दिवस." वडीलही पोळी मोडता मोडता मान डोलावतात. आवड कुणाला आहे, हे ज्याच्या पायात घुंगरू बांधायचेत त्याला विचारायचं राहून जातं. पण तो तेव्हा अबॅकसचा गृहपाठ करत असतो.

अबॅकसचंही तसंच. आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आजही झोपेतून उठवलं तरी येतात. ते नातवाला शिकवायला एका पायावर तयार आहेत. पण त्या विद्येला लेव्हल नाही, टी-शर्ट नाही, वर्षअखेरीची ट्रॉफी नाही आणि फी तर मुळीच नाही. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून आजोबा नातवाला अबॅकसला सोडतात आणि बाहेर बसून मनातल्या मनात क्लासच्या फीची दिडकी करतात.

खरं तर या सगळ्या व्यवस्थेला एक सरळ नाव आहे: पाळणाघर. पण नऊ वर्षांच्या मुलाला पाळणाघरात ठेवलं म्हटलं की चारचौघांत मान खाली जाते. 'ॲक्टिव्हिटी'ला घातलं म्हटलं की ताठ होते. कायद्यानेही इथे हात टेकले आहेत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. कायद्याला पाळण्यातलं मूल दिसतं, तिसरीतलं दिसत नाही. तिसरीतलं मूल तीन वाजता शाळेतून सुटतं, तेव्हा आई तिसऱ्या मजल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये असते. ती घरी पोचते आठला. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटकं लावून उडवला, २०२३ मध्ये तिथे नवे पूल सुरू झाले, तरी ती आठलाच पोचते. तीन ते आठ हे पाच तास कुणीतरी सांभाळायला हवेत. ते काम संगीत, नृत्य, युद्धकला आणि गणित या चौघांनी वाटून घेतलं आहे.

त्यातून २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नको, असं त्यात म्हटलं आहे. भिंत पडली. ढिगाऱ्याखाली आजोबा सापडले.

हे आजोबा म्हणजे घरातलं परिवहन खातं. निवृत्तीनंतर रोज पर्वती चढायची, दासबोध वाचायचा, असे त्यांचे बेत होते. सध्या ते क्लासबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असतात. मांडीवर एक पिशवी. तिच्यात कराटेचा पांढरा ड्रेस, त्याला गुंडाळलेला पिवळा बेल्ट, रुमालात बांधलेले घुंगरू, पोहण्याचा गॉगल, तुपसाखरेच्या पोळीची गुंडाळी आणि आईने लिहून दिलेला कागद: '४.३० कथक, ५.४० कराटे (रिक्षात ड्रेस बदल), पोळी मधे दे, पाणी आठवणीने'. शेजारच्या खुर्चीवर दुसरे आजोबा. त्यांच्याही मांडीवर तशीच पिशवी. दोघांची ओळख इथेच झाली, आणि आता मैत्री इतकी घट्ट आहे की परवा त्यांनी चुकून पिशव्याच बदलल्या. एक मुलगा त्या दिवशी दुसऱ्याच्या बेल्टमुळे एक इयत्ता पुढे गेला. त्याच्या आईने तो परत करायला दोन दिवस लावले.

ज्यांच्याकडे आजोबा नाहीत त्यांच्याकडे रिक्षाकाका असतात. ज्यांच्याकडे तेही नाहीत ते 'वर्क फ्रॉम होम' घेतात. हे होम बहुतेक वेळा पोहण्याच्या तलावाच्या काठावर असतं. कानात इअरफोन, मांडीवर लॅपटॉप, पायाखाली ओली फरशी. परवा एक आई तिथून तिमाहीचे आकडे सादर करत होती. मध्येच तिचा म्यूट निघाला आणि फ्रँकफर्टपर्यंत आरोळी गेली, "पाय मार! अरे पाय मार ना! पोट खाली कशाला सोडतोयस?" पलीकडच्या साहेबाला वाटलं, ही पुण्यातल्या टीमला उद्देशून सूचना आहे. म्हणतात, त्या महिन्यात काम वेळेत झालं.

देशात कुणी काही जिंकलं की त्याचा हादरा थेट आमच्या जेवणाच्या टेबलाला बसतो. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्या रात्री अनेक घरांत 'आपला तर नऊचाच आहे, अजून नऊ वर्षं आहेत' असा हिशेब झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा हिशेबाची वहीच फाटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक उचलला आणि जे बाबा आजवर मुलीला 'उन्हात काळी पडशील' म्हणत होते ते तिच्या मापाची बॅट शोधत लक्ष्मी रोडला फिरू लागले. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं, तेव्हा मात्र सोसायटीत शुकशुकाट होता. रायफल खांद्याला लावून आजोबा गेटवर व्हॅनची वाट बघत उभे आहेत, हे वॉचमनला पटलं नसतं. आणि खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक कितीही अभिमानाचं असलं, तरी तालमीकडे व्हॅन जात नाही आणि कपड्यांना माती लागते.

हे सगळं निव्वळ कलेच्या प्रेमापोटी चाललंय असा कुणाचा समज असेल, तर त्याने दहावीचं गुणपत्रक बघावं. चित्रकला, शास्त्रीय कला, खेळ यांचे वाढीव गुण तिथे मिळतात. शासकीय रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट 'अ' श्रेणीत सुटली तर सात, 'ब' असेल तर पाच, 'क' असेल तर तीन. त्यामुळे स्थिरचित्रातल्या माठाकडे आमची मुलं फार वेगळ्या नजरेने बघतात. माठावर उजेड कुठून पडलाय याहून तो किती गुणांचा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. २०२५ च्या दहावीत राज्यातल्या २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. इतक्या दाटीत सात गुण म्हणजे चेष्टा नाही. गुण जमा झाले की रंगपेटी माळ्यावर जाते, तबल्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात आणि अकरावीच्या कोचिंगची चौकशी सुरू होते. त्या कोचिंगवर अठरा टक्के जीएसटी असतो, म्हणजे तो विषय नक्कीच गंभीर असणार.

एवढं करूनही आठवड्याच्या तक्त्यात एखादा चौकोन रिकामा राहतोच. उदाहरणार्थ, रविवार, दुपारी चार ते सहा. फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यातला तो पांढरा चौकोन येताजाता आईला टोचतो. नेमका त्याच वेळी मुलगा विचारतो, "ए आई, मी खाली खेळायला जाऊ?"

"काय खेळायला?"

"असंच."

"असंच म्हणजे? कोण घेतं?"

"कुणीच नाही. आम्हीच."

आई घाबरून बाबांकडे बघते. कुणीच न घेतलेला खेळ, त्यात कुणी पुढे गेलं की मागे राहिलं, हे कळणार कसं? शिवाय खाली फलक आहे: 'पार्किंगमध्ये चेंडू खेळण्यास सक्त मनाई. हुकमावरून.' शेवटी तोडगा निघतो. उन्हाळी शिबिरात हल्ली 'पारंपरिक खेळ' नावाची बॅच असते. लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या. लगोरीच्या फरश्या आयोजक देतात, झाडाखाली गादी घातलेली असते आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळतं. आजोबांनी जन्मभर सूरपारंब्या खेळून एकही प्रमाणपत्र मिळवलं नाही. त्यांच्या पिढीत नियोजन नव्हतं.

एक मात्र मान्य करायला हवं. या प्रकरणात पालकांना झोडपणं सोपं आहे, म्हणून सगळे त्यांनाच झोडपतात. आई हौसेने आठला येत नाही. मुलाला कथक, कराटे, अबॅकस आणि पोहणं एकाच जन्मात आलं पाहिजे, असा तिचा नवसही नाही. तिला पाच तास विकत घ्यायचे आहेत आणि बाजारात ते कलांच्या पाकिटातच मिळतात. आता तर मागणी आणखी वाढणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधले रोजचे कामाचे तास नवावरून दहा करायला मान्यता दिली. मुलांच्या झोपेचा विचार करणारं राज्य हेच. आईबाबांचा एक तास वाढला म्हणजे मुलाची एक कला वाढली, हे साधं गणित अबॅकस न शिकलेल्यालाही कळतं. कुणी सतार शिकवत असेल तर त्याने साडेसातची बॅच आत्ताच काढून ठेवावी.

ऑफिस लवकर सुटावं, निदान मूल असलेल्यांचं तरी, अशी मागणी मात्र कुणी करत नाही. करणार कोण? सगळे बॅच गाठायच्या घाईत.

तेव्हा आहे त्या व्यवस्थेत पालकांना थोडी प्रतिष्ठा मिळावी, एवढीच आमची सूचना. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा जशा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत पायरीपायरीने असतात, तशा पालकांसाठीही काढाव्यात. मूल योग्य दिवशी योग्य क्लासला पोचवलं, तर प्रारंभिक. दोन मुलं, दोन दिशा आणि एक स्कूटर, ही प्रवेशिका. रिक्षा चालू असताना कथकच्या कुर्त्यातून कराटेच्या ड्रेसमध्ये बदल, चेन न अडकवता, ही मध्यमा. शाळेचं स्नेहसंमेलन आणि ऑफिसचं अप्रेझल एकाच दुपारी निभावणाऱ्याला विशारद. अलंकार मात्र त्यालाच, ज्याने फ्रिजवरच्या तक्त्यात एक चौकोन जाणूनबुजून रिकामा ठेवला आणि कुणी विचारलं तरी कारण सांगितलं नाही.

परीक्षक म्हणून मुलांनाच बसवावं, त्यांना सगळ्या क्लासच्या परीक्षांचा दांडगा अनुभव आहे. नापास होणाऱ्या पालकांना शिक्षाही हवी: महिन्यातून एक संध्याकाळ घरीच काढायची, लॅपटॉप बंद, बॅच नाही, मुलाबरोबर पत्ते. धोका फक्त एकच आहे. शिक्षा काय आहे हे मुलांना आधी कळलं, तर निकाल शून्य टक्के लागेल.