मामांची उपकारस्तुती

आमच्या नगरच्या मंडळीतले मामा हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, आणि शाळेतली पोरं हाताखालून गेल्यावर त्यांनी देवाची हजेरी घ्यायला सुरुवात केली. आठवडाभरात देवाने काय काय केलं हे तारीखवार लिहिलेली लाल पुठ्ठ्याची वही त्यांच्या शबनममध्ये बायबलाच्या शेजारीच असते. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. दोन गायनं होतात, वचन होतं आणि पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायचीय का?" विचारताना त्यांची नजर मामांना सोडून सगळीकडे फिरते. तोवर मामा उभे राहून "सर्वांना सलाम" म्हणालेले असतात.

आजार बरा झाला, पोराला व्हिसा मिळाला, असल्या ठोक आशीर्वादांच्या मामा वाटेला जात नाहीत. त्यांचा सगळा माल किरकोळ. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच सिलिंडर आला. माळीवाडा स्टँडवर एसटीत खिडकी मिळाली, तीही सावलीच्या बाजूची. नळाला रात्री दोनऐवजी साडेअकरालाच पाणी आलं. मला विचाराल तर लोक कान देऊन ऐकतात ते हेच. चमत्काराला आपण 'आमेन' म्हणून मोकळे होतो, पण पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता आलं, हे ज्याला त्याला हवं असतं.

पंचाईत होते ती मामा इतिहासात शिरले की. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं नसतं तर आज आपल्याला ही खिडकी मिळाली असती का, असा त्यांचा सवाल असतो. तिथून १८४२चा 'ज्ञानोदय', मग रेव्हरंड टिळक, त्यांनी उपासनेत आणलेली भजनं. टिळक आले की पेटीवाला भाता सोडून पेटी बंद करतो आणि घरची बाई चहाखालचा गॅस बारीक करते.

बाहेरच्यांचं एवढ्यावर भागतं. घरच्यांचं भागत नाही. सुनेने मिक्सर घेतला तो किमतीसकट, डिस्काउंटसकट मंडळीपुढे आला. मुलाची पगारवाढ झाली. मामांनी रविवारी आभार मानले आणि मंगळवारी छताच्या फंडाचे दोघे पावतीपुस्तक घेऊन दारात हजर. तेव्हापासून घरात काही चांगलं घडलं की मामी आधी दार लोटून घेतात.

परवाच्या रविवारी कापणीचा सण होता. वेदीपुढे ज्वारीची कणसं, गूळ, भोपळे, शेवग्याच्या शेंगा मांडलेल्या. मामींनी अंगणातली तांबडी तलंग अर्पण केली. उपासनेनंतर मंडपात लिलाव. कोंबडी दिल्यापासून मामींच्या जिवाला लागून राहिलं होतं, म्हणून त्यांनी मुलाला हळूच सांगितलं, "काही कर, पण ती सोडवून आण." मामांना यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या दारची कोंबडी दोनशेला जाते म्हणजे काय, या इरेला पेटून तेही बोलू लागले. बापलेक मंडपाच्या दोन टोकांना, मध्ये गर्दी. पलीकडचा कोण ते दोघांनाही दिसेना. तीनशे, पाचशे, आठशे. पुकारणाऱ्याला दोघेही दिसत होते. पण छताचे पत्रे त्यालाही दिसत होते, त्यामुळे तो गप्प राहिला. अकराशेवर 'तीन वार' झालं आणि कोंबडी मामांच्या काखेत आली. मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या की आणखी काही, ते कळलं नाही.

दुपारी त्यांच्याकडे मटण-भाकरी होती, आम्हीही होतो. मामांनी जेवणाची प्रार्थना धरली. मिशन, पाऊस, पाळकसाहेबांची गुडघेदुखी, रश्श्यातला कांदा अशी ती चालली. रश्श्यावर तेलाची साय धरली. "आणि प्रभो, ही कोंबडी तू सुखरूप घरी आणलीस," एवढं म्हणून मामांनी श्वास घ्यायला क्षणभर थांबताच नातवाने खणखणीत 'आमेन' ठोकलं आणि सगळ्यांनी भाकरी मोडली. प्रार्थना अर्धी राहिल्याचं मामांनी वहीत लिहून ठेवलंय.

सोमवारी तलंगेने पहिलं अंडं घातलं. मामींनी सुनेला बजावलंय, "ह्यांच्या कानावर जाता कामा नये. निदान शनिवार उलटेपर्यंत तरी."