सहा फूट दोन इंच आणि एक टीसी

नेवासा फाट्यावर एसटी थांबली, की उतरणाऱ्यांची तोंडं न बघता नुसती डोकी बघणारा एक गृहस्थ जून-जुलैत हमखास दिसतो. दारातून वाकून कोण उतरतंय, एवढंच त्याला बघायचं असतं. जो वाकला तो आपला. मग त्या पोराची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन चहाच्या टपरीकडे मोर्चा, आणि पहिला प्रश्न, "टीसी काढला का अजून तिथंच आहे?" नाव चहा अर्धा झाल्यावर विचारलं जातं.

हे आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. असा एक इसम महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत सापडतो, त्यामुळे नाव सांगून एकट्याला बदनाम करण्यात अर्थ नाही. 'सर' म्हटलं तरी पुरे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसतो. "एकटा गेलो की लोकांना विमावाला वाटतो. दोघं गेलो की कॉलेज दारात आल्यासारखं वाटतं," असं त्यांचं म्हणणं. मला बोलायची परवानगी नाही. चष्मा लावून बसायचं आणि पोह्यांची बशी पुढे आली की नको म्हणायचं नाही.

सरांची पंचाईत अशी, की तालुका कुस्ती-कबड्डीचा आणि सरांचा जीव बास्केटबॉलवर. त्यांच्या केबिनमध्ये जेम्स नायस्मिथचा फोटो आहे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला, बाहेर खेळता येत नाही म्हणून पोरं धुडगूस घालायला लागली, तेव्हा या माणसानं पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकून हा खेळ काढला. शिपायानं एकदा "हे कोण साहेब, संस्थापक का?" असं विचारलं, तर सर म्हणाले, "आमच्यातलाच. पीटीचा मास्तर." टोपल्यांची रिंग झाली, पण उंची अजून तीच, दहा फूट. आणि नेवाशात दहा फुटांजवळ हात नेणारी पोरं दुर्मीळ.

कबड्डीवाल्याचा भाव हल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, २०१९ च्या लिलावात कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला, आणि तेव्हापासून चढाईत दोन गडी मारणाऱ्या प्रत्येक पोराची आई सरांना चहात साखर कमी घालते. बास्केटबॉलला तसा लिलाव नाही. त्यामुळे भाव ठरतो तो ओट्यावर, आणि तो पैशात नसतो. फी माफ, होस्टेलला खोली, मेसमध्ये दोन अंडी जादा, एक ट्रॅकसूट, एक जोडी बूट. शिवाय सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, जे सर असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ते त्यांच्याच कपाटात ठेवलंय.

घोडेगावच्या कांदा मार्केटमधली एक बोलणी मला अजून आठवते. पोरगं सहा फूट दोन इंच. बाप नुकताच लिलावातून उठून आलेला, हातात पट्टी, तोंड पडलेलं. सरांनी फी माफी सांगितली. बाप गप्प. होस्टेल सांगितलं. गप्प. अंड्यांवर आल्यावर बाप म्हणाला, "आम्ही माळकरी."

"मग दूध. अर्धा लिटर. सकाळ-संध्याकाळ."

"बूट?"

"एक जोडी."

"दोन करा सर. कांद्याला तर भाव मिळालाच न्हाई, पोराला तरी मिळू द्या."

सरांनी दोन केल्या. दुसरी जोडी कुठून आली ते मला माहीत आहे, कारण त्या महिन्यात ते माझ्याकडे उसने मागायला आले होते. फी माफीही ते आधी जाहीर करतात आणि मग प्राचार्यांच्या केबिनबाहेर तासभर उभे राहतात.

पोरगं ठरलं की सर त्याला थेट पैस खांबाकडे नेतात. ज्ञानेश्वर माउली ज्या खांबाला टेकून बसली तो खांब. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ ला, म्हणजे १२९० साली. पोराला खांबासमोर उभं करून सर म्हणतात, "बघ. सातशे वर्षांवर झाली, हा जागचा हललेला नाही. तू तीन वर्षं हलू नको." पोरगं हात जोडतं. सरांचेही डोळे भरून येतात, दरवेळी, आणि खरोखरचे.

पोरगं एका वर्षात हलतं. विभागीय स्पर्धेत ते पंचवीस-तीस गुण मारतं, आणि तिथं प्रेक्षकांत नगरचे, नाशिकचे, पुण्याचे 'सर' बसलेले असतातच, तेही डोकीच मोजत. तिकडे लाकडी कोर्ट असतं, फिजिओ असतो, मेसमध्ये पनीर असतं. वर आमचं नेवासं अगदी शिवेवरचं. प्रवरासंगमचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही बदलतं. अलीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पलीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. गंगापूरकडचं पोरगं पूल ओलांडून इकडे आलं, की सर पेढे वाटतात आणि गुणवत्तेला जिल्ह्याची हद्द नसते यावर बोलतात. इकडचं तिकडे गेलं, की कुलगुरूंना उद्देशून चार पानी तक्रार लिहून माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला देतात. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत करतो. ती धाडली जात नाही, पुढच्या वर्षी नुसतं पोराचं नाव बदलून येते.

"आपण नर्सरीवाले," ते म्हणतात. "कलम बांधायचं आपण, आंबे खाणार पुणेकर."

या सगळ्या धावपळीत संघाचा कप्तान मात्र कायम एकच, खडक्याचा एक पाच फूट पाच इंचांचा पोरगा. पहिल्या वर्षापासून इथंच. त्याला कुठल्या कॉलेजचा फोन कधी आला नाही. कोर्ट तोच झाडतो, बॉलमध्ये हवा तोच भरतो, नव्या उंच पोरांना मेस कुठं आहे तेही तोच दाखवतो. त्याला बूट कधी मिळाले नाहीत, कारण तो जाणार नाही याची सरांना खात्री होती.

माझा भाचा अमेरिकेत इंडियानात असतो. तिकडे म्हणे घराघरापुढे रिंग टांगलेली असते. त्याच्याकडून तिथल्या कॉलेज बास्केटबॉलचं कळलं आणि मी एका दुपारी सरांना सांगून बसलो. सांगायला नको होतं.

म्हटलं, तिकडे २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे. खेळाडूनं कॉलेजला कळवायचं, कॉलेजनं त्याचं नाव त्यात टाकायचं, की दुसरं कुठलंही कॉलेज त्याच्याशी बोलायला मोकळं.

"आणि टीसी?"

"टीसी नसतो."

"लायब्ररीची नो-ड्यूज?"

मी मान हलवली. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या सगळ्या सत्तेचा पाया ती नो-ड्यूज आहे. जाणाऱ्या पोराच्या नावावर ग्रंथालयाचं एखादं पुस्तक किंवा क्रीडा विभागाची एखादी स्किपिंग दोरी बाकी निघतेच, आणि ती सापडेपर्यंत पलीकडच्या प्रवेशाची मुदत सरत येते.

"पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाकावर बसावं लागायचं," मी म्हणालो. हे त्यांना फार आवडलं. "पण २०२१ ला एकदा बदलायची सूट मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असला की कितीदाही बदला." हे आवडलं नाही. २०२५ च्या हंगामानंतर एकट्या पुरुषांच्या बास्केटबॉलमधली पहिल्या श्रेणीची दोन हजारांवर पोरं पोर्टलमध्ये होती, आणि त्या श्रेणीत संघ साडेतीनशेच्या आसपास. सरांनी मनात भागाकार केला. "संघामागं पाच-सहा? मग उरतं कोण? पाणी देणारा?"

मग पैशाचं निघालं. १ जुलै २०२१ पासून तिकडच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयानं एका तडजोडीला मंजुरी दिली, आणि त्या जुलैपासून कॉलेज स्वतःच आपल्या खेळाडूंना पैसे देऊ शकतं. सगळे खेळ धरून एका कॉलेजला पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

"रुपयात?"

"पावणेदोनशे कोटींच्या घरात."

"ट्रॅकसूट किती होतील?" असं विचारून ते स्वतःच हसले, पण डोळे कॅल्क्युलेटरवर होते.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टोनी बेनेटची गोष्ट त्यांना मनापासून पटली. २०१९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा प्रशिक्षक ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, या नव्या बाजाराला आपण योग्य नाही म्हणून घरी गेला. सर दोन दिवस त्याचं नाव घेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राध्यापक कक्षात जाहीर केलं की आपणही राजीनामा देणार. कोणी काही बोललं नाही. तेवढ्यात फाट्यावरच्या टपरीवाल्याचा फोन आला, "सर, एक उतरलाय, वाकून," आणि सरांनी गाडीची किल्ली उचलली.

खरं तर आपल्याकडेही वारं तेच आहे. अमेरिकेत पोरांना नावावर पैसे घ्यायची मोकळीक मिळाली, त्याच जुलैत इकडे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. पोरानं मिळवलेले क्रेडिट त्याच्या खात्यावर जमा, कॉलेज बदललं तरी ते बरोबर. सरांना हा आपल्याविरुद्ध दिल्लीत शिजलेला कट वाटतो. नवीन पोरगं आलं की पूर्वी ते टीसी विचारत. आता दबक्या आवाजात विचारतात, "एबीसी आयडी काढलाय का रे?" आणि हो म्हटलं की चेहरा पडतो.

मला विचाराल तर पोरांचं काही चुकत नाही. ज्याच्या उंचीवर कॉलेजचं नाव पेपरात येतं, त्यानं दूध मागावं, दुसरी जोडी मागावी, तेही पुरत नसेल तर पूल ओलांडावा. हे सरांपुढं बोलायची सोय नव्हती. यंदा सोय झाली.

सरांची मुलगी पाच फूट दहा इंच. आमच्याच ज्युनिअर कॉलेजात बारावी झाली, शालेय स्पर्धांत राज्यापर्यंत खेळली. मे महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजातून फोन आला. मी समोरच होतो. सरांनी आधी अंगण झाडावं तसा घसा झाडला, आणि मग जे बोलले ते मी घोडेगावात ऐकलेलंच होतं, फक्त दुसऱ्या तोंडून.

"फी माफ म्हणजे पूर्ण का निम्मी? लेखी देता का? होस्टेलला खोलीत किती मुली? मेसचं काय? नाही, आम्ही माळकरी नाही, अंडी चालतात. बूट कोणत्या कंपनीचे? एक जोडी? सर, एका जोडीत वर्ष निघत नाही, मला शिकवू नका, मीही त्याच धंद्यातला आहे."

वहिनी आतून म्हणाल्या, "आधी खांबापुढं नेऊन शपथ घाला तिला."

दुसऱ्या दिवशी सर टीसीच्या खिडकीशी उभे. दोन पुढच्या मुलांना त्यांनी बाजूला केलं. क्लार्कभाऊंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "सर, नो-ड्यूज अपुरी आहे. क्रीडा विभागाची सही नाही."

"अहो, क्रीडा विभाग म्हणजे मीच की!"

"तेच म्हणतो. सही तुमची लागते."

सरांनी रजिस्टर मागवलं. कप्तानच ते घेऊन आला, पान काढून त्यानं बोट ठेवलं. मुलीच्या नावावर एक बास्केटबॉल बाकी होता, मागच्या दिवाळीपासून. मी म्हटलं, करून टाका सही, घरातलाच तर प्रश्न आहे. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला लागलो. त्यांनी मुलीला फोन लावला आणि बॉल घेऊन यायला सांगितलं. ती आल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला.

"हवा कमी आहे," म्हणाले, आणि कप्तानाला पंप आणायला पिटाळलं.