अललडुर्र ते आंत्रशा

सांगलीला उडी नवी नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' रंगवलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत असे काही थयथया नाचायचे, की लोकांनी नाटकांचंच नाव 'अललडुर्र' पाडलं. शाळेतलं लेझीमही त्याच घराण्यातलं. पाय आपटला की पलीकडच्या गल्लीत कळलं पाहिजे.

या संस्कारांवर पोसलेल्या बाईने चाळिशीत बॅलेच्या ठोक्याच्या उड्या शिकायला घेतल्या. मुंबईच्या बाई मोबाइलच्या पडद्यावरून शिकवतात. 'आंत्रशा कात्र' म्हणजे पावलं एकापुढे एक चिकटवून उभं राहायचं, उडायचं, पुढचा पाय हवेत मागे न्यायचा, परत पुढे आणायचा आणि मगच जमिनीला लागायचं. आपटायच्या त्या पोटऱ्या, टाचा नव्हेत. त्यासाठी पाय आधी किंचित उघडावे लागतात. घाईतला माणूस नेमका तिथेच अडकतो. हालचाली प्रत्येक पायाच्या दोन, पण हिशेब दोन्ही पायांचा वेगवेगळा, म्हणून एकूण चार! एवढी उदार मोजणी सांगलीच्या हळदबाजारातही कुणी खपवून घेणार नाही.

मी २० सेंटिमीटर उडते असं धरलं (धरायला काय जातंय!), तरी हवेतला मुक्काम होतो ०.४ सेकंद. वेन स्लीप या ब्रिटिश नर्तकाने १९७३ साली एका उडीत अशा बारा हालचाली बसवल्या होत्या. माझ्या बारा व्हायच्या तर मधे कुठेतरी चहाला थांबावं लागेल. चौदाव्या लुईला म्हणे चारही जमेनात, म्हणून त्याच्या सोप्या उडीला 'रॉयाल' म्हणू लागले. आख्यायिकाच, पण मला पटते. राजाचं चुकलं की त्याचा प्रकार होतो, माझं चुकलं की बाई म्हणतात, "पुन्हा."

हे सगळं एक वेळ जमेल. खरी गोची खाली येताना. आधी बोटं, मग चवडा, शेवटी टाच, गुडघे वाकवून, आणि आवाज शून्य. ठोका म्हणायचं आणि ऐकू येऊ द्यायचं नाही, हे सांगलीकराला कसं झेपावं? आमच्या फ्लॅटची फरशी थेट काँक्रीटवर बसलेली. ती माझ्या नडग्यांना दाद देत नाही आणि खालच्या काकूंना झोप देत नाही. त्या जिन्यात भेटल्या की विचारतात, "मिक्सर बिघडलाय का गं?"

साताऱ्याला सासरचं घर जुनं, माडीला लाकडी फळ्या. बॅलेला हवी तशी पायाखाली किंचित लवणारी जमीन मोठमोठे स्टुडिओ पैसे मोजून करून घेतात. आमच्याकडे ती सासऱ्यांच्या आजोबांनी करून ठेवली आहे. फक्त फळ्यांवर मातीचा थर आहे आणि बरोब्बर खाली स्वयंपाकघर. मी उडू लागले की आई निमूटपणे दुधावर झाकण ठेवतात.

दिवाळीत वर सराव चालला होता. धप्प, धप्प, धप्प. मग एकदा कसं कोण जाणे, पोटऱ्या भेटल्या, सुटल्या, परत भेटल्या आणि मी खाली आले तरी काहीच ऐकू आलं नाही. दुसरीही तशीच. तिसऱ्या उडीला आई धापा टाकत जिन्याच्या तोंडाशी, हातात उलथनं.

"अगं, आवाज का बंद झाला? म्हटलं, पडलीस की काय!"