चौरसफूटकाका

तुमच्या सोसायटीतही ते असतीलच. जिन्यात भेटले की "कसं काय?" ऐवजी "तुमचा हॉल किती बाय किती?" असं विचारणारे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता मेंटेनन्सच्या बिलापुरतं उरलंय. बाकी सगळे त्यांना चौरसफूटकाका म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. पँटच्या उजव्या खिशात कायम स्टीलची टेप. ती सर्रकन बाहेर येते, आपल्या घरातल्या एखाद्या निरुपद्रवी वस्तूला लागते आणि त्या क्षणापासून ती वस्तू आपल्याच डोळ्यांत खुपायला लागते.

आमच्याकडे पहिला बळी रद्दीचा गेला. "दीड चौरस फूट," काका म्हणाले. "दहा हजारांचा भाव धर. पंधरा हजारांच्या जागेवर तू शंभराची रद्दी बसवलीयेस. तीही बिनभाड्याने!" बायकोने त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याला बोलावलं. पुढच्या खेपेला त्यांची नजर माझ्या आरामखुर्चीकडे वळली, तेव्हा ते जाईपर्यंत मी खुर्चीतून उठलोच नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात तर इंचाला सुट्टी नाही. अडीच फुटांचं दार उघडताना पाच चौरस फूट खातं, हा शोध लागल्यावर त्यांनी आतली सगळी दारं सरकती केली. बाथरूमचंसुद्धा. पहिल्याच दिवाळीत काकूंचे भाऊ अभ्यंगस्नानाला आत गेले आणि दार रुळावरून उतरलं. सुताराची वाट बघताना काका बाहेरून त्यांना धीर देत होते, "घाबरू नका हो, आत चांगली वीस चौरस फूट जागा आहे!" पलंगाच्या पोटात भांडी असल्यामुळे मुक्कामी पाहुण्याला सकाळी "भावजी, जरा उठता का? पुरणयंत्र काढायचंय" असं सांगून उठवतात. जेवणाचं टेबल भिंतीला मिटतं, म्हणून सावकाश जेवणाऱ्याला त्या घरात मान नाही. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा काका भेटायला आले, दोन मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग त्यांची नजर आजींच्या रिकाम्या खाटेवरून भिंतीकडे जाऊ लागली. काकूंनी चिमटा काढला म्हणून टेप खिशातच राहिली.

याला थोडाफार बिल्डरही कारणीभूत आहे. १९९४ साली त्याने काकांना ६४० चौरस फूट विकले. ताबा मिळाला त्या रात्री काकांनी टेप लावली तर भरले ४६०. उरलेल्यात जिना, लॉबी आणि वॉचमनची केबिन होती, म्हणजे ज्या खुर्चीवर वॉचमन झोपायचा तिच्या जागेचाही हप्ता काका फेडत होते. पुढे २०१६ मध्ये रेराचा कायदा आला आणि कार्पेट म्हणजे काय हे एकदाचं कायद्याने ठरलं. त्यातली व्याख्या काकांना अथर्वशीर्षासारखी पाठ आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाही, डक्ट नाही, बाल्कनी नाही, गच्ची नाही.

बाल्कनी नाही. इथेच त्यांची गोम आहे.

आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बाल्कन्या बंद झाल्यात. कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाच्या मुलाची अभ्यासाची खोली, कुणाचे देव. फक्त चौरसफूटकाकांची नऊ बाय चारची बाल्कनी तीस वर्षं उघडी आहे. ३६ चौरस फूट! एवढ्यात या माणसाने दुसऱ्या कुणाला एकत्र कुटुंब थाटून दाखवलं असतं. पण तिथे कुंड्या आहेत. टेप तिथे जात नाही. मी एकदा छेडलंच, तर म्हणाले, "ती कार्पेटमध्ये येतच नाही. जे मोजलंच नाही त्याचा हिशेब कसला?"

जानेवारीअखेर ते मोगरा निर्दयपणे छाटतात आणि पाणी तोडतात. काकूंना ते बघवत नाही. पाडव्याच्या सुमाराला मात्र जिन्यात वास सुटतो आणि आमच्या मजल्यावरची भांडणं चार दिवस तहकूब होतात. पावसात तेरडा येतो, तो गौरींसाठी घरोघर पोचवतात. पण जीव खरा शेवंतीवर. तिला रात्र मोठी झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत, रात्री उजेड पडला तर नुसती पानं वाढत बसते. म्हणून नवरात्रानंतर बाल्कनीतला दिवा बंद. समोरचा रस्त्याचा दिवा पालिकेचा, तो काही बंद होईना, तेव्हा काकांनी कुंड्यांवर जुन्या काळ्या छत्र्या बांधायला सुरुवात केली. रात्री आठला छत्री उघडायची, सकाळी मिटायची. एवढ्या नियमाने ते स्वतःच्या रक्तदाबाची गोळीही घेत नाहीत.

काकूंनीच एकदा सांगितलं. काका वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांत नऊ माणसं. आईने खिडकीत डालड्याच्या डब्यात शेवंती लावली होती. धाकटा भाऊ झाला, दुपटी वाळत घालायला खिडकी लागली आणि डबा गेला. काका तिथेच बसले होते. ते एवढंच म्हणाले, "डबा कसला, जेमतेम पाव चौरस फूट होता."

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघालीय. ३५ टक्के वाढीव कार्पेट! सभेत सगळ्यांना वाटलं, काका पेढे वाटतील. त्यांनी नकाशा उलगडला, टेप काढली, बराच वेळ कागदावर फिरवली आणि विचारलं, "यात बाल्कनी कुठाय?" आर्किटेक्टने हसून सांगितलं, "काका, तीच तर आत घेतलीय, म्हणून कार्पेट वाढलं ना! टेरेसवर कॉमन गार्डन देतोय." काकांनी सही केली नाही. तशी गरजही नव्हती. २०१९ पासून निम्म्याहून जास्त सभासदांची संमती पुरते आणि ती केव्हाच झाली होती. त्यात माझीही सही आहे. मला एक बेडरूम वाढून मिळतेय.

शेवटी काकांनी एकच मागणी केली. बांधकाम होईपर्यंत बिल्डर कार्पेटच्या दराने घरभाडं देणार, तर कुंड्यांचं भाडं कोण देणार? सभेत हशा पिकला. काका हसले नाहीत. इतिवृत्त सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी फलकावर लावलं: "एका सभासदांनी कुंड्यांबाबत विचारणा केली. विषय विषयपत्रिकेवर नसल्याने फक्त नोंद घेण्यात आली. अध्यक्षांचे आभार मानून व चहापानानंतर सभा संपली."